अ‍ॅट्रोपिननं घाम थांबला, लाळ थांबली. मग तिसऱ्या दिवशी दादाची मान का उचलेना?

वावरातला मास्तर

तीन आठवडे हा प्रश्न मनात घेऊन फिरतोय. दवाखान्यात विचारायचं धाडस झालं नाही आणि गावात ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो.

आमचं गाव घाटंजी तालुक्यात, यवतमाळ जिल्हा. मी शाळेत शिकवतो, दादा दुसऱ्यांच्या वावरात मजुरीनं फवारतो. पोळा झाला त्याच्या पुढच्या आठवड्यात त्याला सलग दोन दिवस काम होतं. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, खांद्याच्या वर गेलेली. दोन ओळींतून चालताना फवारा तोंडावरच येतो. औषध म्हणजे प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिनचं तयार मिश्रण. दिवसाला वीसेक पंप. पंप झाकणापाशी गळत होता, त्यामुळे पाठ दोन्ही दिवस ओली. नोझल अडकलं की तो तोंडानं फुंकून मोकळं करी आणि त्याच हातानं तंबाखूचा खर्रा खाई. हे सगळं मला नंतर कळलं.

पहिल्या रात्री गाल जळजळतात म्हणाला, तेवढंच. दुसऱ्या दिवशी चारच्या सुमारास मळमळ, मग उलट्या. ऊन अजून होतं आणि तो म्हणत होता, अंधार पडला. मी पोचलो तेव्हा तोंडातून लाळ गळत होती, अंग घामानं निथळत होतं. त्याच्या दंडाकडे पाहिलं तर कातडीखाली अळ्या वळवळाव्यात तशी हालचाल. ते दृश्य अजून डोळ्यांपुढून जात नाही.

तालुक्याला नेलं, तिथून मोठ्या दवाखान्यात. रात्रभर अ‍ॅट्रोपिन हे विषावरचं औषध चालू होतं. पहाटेपर्यंत घाम थांबला, लाळ थांबली, उलट तोंड इतकं कोरडं पडलं की जीभ टाळूला चिकटत होती. दुसरा दिवस बरा गेला. उठून बसला, मुलीशी फोनवर बोलला. आम्हाला वाटलं, सुटलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा दिला तर ठसका लागला, चहा नाकातून आला. एकाचे दोन दिसतात म्हणाला. उशी नीट करायला मी त्याला डोकं उचल म्हटलं, तर उचलेना. हात हलत होते, बोटं हलत होती, मान मात्र नाही. दुपारपर्यंत श्वास उथळ झाला, नळी घातली, व्हेंटिलेटर लावला. अकरा दिवस.

आता दादा घरी आहे, हळूहळू चालतो. पण मला कळत नाही, औषधानं विष उतरलं होतं तर हे कुठून आलं? काका म्हणतात अ‍ॅट्रोपिन कमी पडलं, मेव्हणा म्हणतो जास्त झालं. आणि रोज रात्री एकच येतं मनात, मी तो चहा दिला नसता तर?

पंपवाला

मास्तर, मी आर्णीकडला. मले बी हे होऊन गेलं हाये, पण नळीवर नाई गेलं, दोन दिवसांत घरी आलो. माया सासऱ्यानं दवाखान्यात न्याच्या आधी वावरातच सगळे कपडे काढले, हातपंपाखाली बसवलं आन साबणानं डोक्यापासून धुतलं. तवा मले राग आला होता का हा येळ काहून घालवून रायला. मंग डॉक्टरनं सांगतलं का तेच कामी आलं.

तुमच्या दादाचे कपडे कवा काढले? आन एक, पाणी कोण आणून देत होतं? औषध कालवाले जे बाई असते तिचा हात बी बालटीत असते. तिले इचारलं का कोणी?

भूलतज्ज्ञ

मास्तर, आधी चहाचं सांगते, म्हणजे आज रात्री झोप लागेल. ठसका लागला तो गिळण्याचे स्नायू ढिले पडले होते म्हणून. चहा ही खूण होती, कारण नव्हतं. आणि तुम्ही उशीसाठी डोकं उचलायला सांगितलंत ही त्या दिवसातली सगळ्यात कामाची तपासणी होती. तुम्हाला ठाऊक नव्हतं, पण आम्ही नेमकं तेच विचारतो.

मी भूल देणारी डॉक्टर आहे, विदर्भातच काम करते. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या वर शेतकरी-मजूर गेले आणि शेकडो लोक दवाखान्यांत आले, तेव्हा अतिदक्षता विभागात रात्रपाळ्या केल्या आहेत. दादाला जे झालं त्यात मी खूप माणसं पाहिली. म्हणून सविस्तर लिहिते.

मेंदूनं मान उचलायचं ठरवलं की संदेश मज्जातंतूतून विजेसारखा स्नायूपर्यंत येतो. पण तंतू स्नायूला चिकटलेला नसतो. मध्ये फट असते, केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाहूनही अरुंद. वीज ती फट ओलांडत नाही. तंतूच्या टोकाला कॅल्शियम आत शिरतं, तिथल्या इवल्या पिशव्या फुटतात आणि अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं रसायन फटीत सांडतं. पलीकडे स्नायूच्या पापुद्र्यावर त्याची वाट पाहणारे ग्राहक (रिसेप्टर) असतात. रसायन तिथे बसलं की दार उघडतं, सोडियम आत जातं, स्नायूला झटका मिळतो. मग स्नायूच्या पोटातल्या साठ्यातून कॅल्शियम सुटतं, दोन प्रकारचे धागे एकमेकांवरून सरकतात आणि स्नायू आखडतो.

आता खरी गोष्ट पुढे आहे. स्नायूला दुसरा संदेश कळायचा तर पहिला पुसला गेला पाहिजे. ते काम अ‍ॅसिटिलकोलिनेस्टरेज हे विकर, म्हणजे एन्झाइम, करतं. एकेक रेणू सेकंदाला हजारो अ‍ॅसिटिलकोलिन तोडतो, त्यामुळे संदेश मिलिसेकंदात साफ. दांड फोडून सरीत पाणी सोडलं, सरी भरली, फावड्यानं माती ओढून दांड बंद केला, पुढची सरी घेतली. तसं हे दिवसरात्र चालतं. प्रोफेनोफॉस, मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरीफॉस ही सगळी ऑर्गॅनोफॉस्फेट औषधं त्या विकराच्या कामाच्या जागी जाऊन चिकटतात. फावडं धरणारा हातच बांधला जातो. पाणी येत राहतं, बंद कोणी करत नाही.

पहिल्या संध्याकाळी दंडात तुम्ही जे पाहिलंत ते हेच. डोळा लवतो तसे सगळ्या अंगाचे स्नायू आपापले लवत होते, कारण रसायन जागेवरून हटतच नव्हतं. आणि पाणी साचून राहिलं की पऱ्हाटीचं काय होतं ते मी तुम्हाला सांगायला नको. पाण्यात उभी असूनही ती मान टाकते. स्नायूचंही तसंच. दारं सतत उघडी राहिली की पापुद्रा पुन्हा मूळ स्थितीला येऊ शकत नाही आणि मूळ स्थितीला आल्याशिवाय नवा झटका घेता येत नाही. आधी फडफड, मग लुळेपणा.

हे मी रोज पाहते, म्हणून मला ते पुस्तकातलं वाटत नाही. नळी घालण्याआधी आम्ही सक्सिनिलकोलिन नावाचं इंजेक्शन देतो. ते अ‍ॅसिटिलकोलिनसारखंच ग्राहकावर बसतं पण लवकर हटत नाही. पेशंटचं अंग काही सेकंद फडफडतं आणि मग पूर्ण सैल पडतं. फरक इतकाच की ते काही मिनिटांत उतरतं. आणि ऑपरेशन संपल्यावर स्नायूंत ताकद परत आणायला निओस्टिग्मिन देतो, ते तर त्याच विकराला थोडा वेळ थांबवणारं औषध. एका सुईत मोजून दिलेलं. दादाच्या पाठीवर तसल्याच कामाचं रसायन दोन दिवस झिरपत होतं.

आता तुमचा मूळ प्रश्न. अ‍ॅसिटिलकोलिन शरीरात एकाच ठिकाणी काम करत नाही आणि त्याचे ग्राहक दोन जातींचे आहेत. लाळेच्या, घामाच्या ग्रंथी, श्वासनळ्या, आतडी, हृदय, डोळ्याची बाहुली, इथले ग्राहक एका जातीचे. त्यांना मस्करिनिक म्हणतात. स्नायूवरचे दुसऱ्या जातीचे, निकोटिनिक. तंबाखूतलं निकोटिन त्यांच्यावर बसतं म्हणून ते नाव. अ‍ॅट्रोपिन फक्त पहिल्या जातीला झाकतं. म्हणून घाम थांबला, लाळ थांबली, छातीतलं पाणी आटलं. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती, डोळ्यात उजेड शिरत नव्हता, म्हणून दादाला उन्हात अंधार दिसला. तीही मोठी झाली असणार. पण स्नायूवरच्या ग्राहकाला अ‍ॅट्रोपिन शिवतसुद्धा नाही. कितीही दिलं तरी नाही.

म्हणजे काका आणि मेव्हणा दोघांचाही हिशेब चुकीच्या खात्यावर चाललाय. तोंड कोरडं, घाम बंद, छाती साफ, याचा अर्थ अ‍ॅट्रोपिननं त्याचं काम केलं होतं आणि ते काम फार मोठं आहे, पहिल्या रात्री माणूस स्वतःच्याच स्रावांत बुडून मरतो, ते त्यानं टाळलं. मान त्याच्या हातात नव्हती.

तिसराच दिवस का? विकर बांधलेलं, स्नायूच्या जोडणीवर रसायनाचा मारा सतत चालू. एक-दोन दिवसांत ग्राहक थिजतात, प्रतिसाद देईनासे होतात. १९८७ मध्ये श्रीलंकेतल्या सेनानायके आणि करालिएड्डे या डॉक्टरांनी हे नीट मांडलं: विषबाधेनंतर २४ ते ९६ तासांत, पहिलं वादळ ओसरल्यावर, मान, खांदे, मांड्या, डोळे हलवणारे स्नायू आणि श्वासाचे स्नायू ढिले पडतात. हाताची बोटं बहुधा शाबूत राहतात. तुम्ही जे लिहिलंत ते ओळ न ओळ तेच आहे. म्हणून अशा पेशंटला, कितीही बरा दिसो, निदान चार दिवस आम्ही घरी सोडत नाही आणि दर काही तासांनी एकच सांगतो: डोकं उशीवरून उचला, पाच सेकंद धरून ठेवा. भुलीतून बाहेर आलेल्यालाही आम्ही हेच करायला लावतो. मान धरता आली तर श्वासही निभेल असा आमचा अंदाज असतो. मान पडली की व्हेंटिलेटर जवळ आणून ठेवायचा.

अकरा दिवस त्या यंत्रानं श्वास घेतला आणि तेवढ्यात जोडणी सावरली. दुसरा उपाय नसतो. वेळ मिळवून द्यायचा.

वावरातला मास्तर

मॅडम, तुमचं लिहिलेलं मी दादाला वाचून दाखवलं. चहाचं ऐकून तो म्हणाला, अरे मला तर त्या चहाची चवही आठवत नाही.

आर्णीच्या भाऊंनी विचारलं, कपडे कधी काढले. खरं सांगतो, तालुक्याला काढले नाहीत. मोठ्या दवाखान्यात पोचल्यावर एका सिस्टरनं कात्रीनं शर्ट कापला. म्हणजे चारपासून रात्री साडेनऊपर्यंत तो ओला शर्ट अंगावर होता. मला सुचलं नाही आणि कोणी सांगितलंही नाही.

अजून एक. पॅम नावाचं इंजेक्शन असतं म्हणे, त्यानं विकर मोकळं होतं. दादाला ते दिलं नाही. ते राहून गेलं का?

बांधावरचा

मी कृषी पदवीधर, कृषी सेवा केंद्र चालवतो, त्यामुळे औषधाच्या बाजूनं लिहितो.

दादाचे पहिल्या रात्री गाल जळजळले तो सायपरमेथ्रिनचा भाग असावा. ते वेगळं मारतं: मज्जातंतूच्या लांबीवर सोडियमची दारं असतात, ती बंद होऊ देत नाही. कातडीतले तंतू विनाकारण संदेश पाठवत राहतात, म्हणून मुंग्या आणि जळजळ. माणसाचं शरीर सायपरमेथ्रिन बऱ्यापैकी लवकर मोडून टाकतं. पण ते मोडणारी काही विकरं त्याच जातीची आहेत ज्यांना प्रोफेनोफॉस बांधून टाकतं. मिश्रण विकायचं एक कारणही तेच. बोंडअळी सायपरमेथ्रिन पचवायला शिकली, तर प्रोफेनोफॉस तिची पचवायची सोयच काढून घेतं. अळीसाठी जी युक्ती, तीच फवारणाऱ्याच्या अंगात चालते. हे मी काउंटरवर सांगतो तेव्हा लोक थांबून ऐकतात.

आणखी एक, ज्याचं मला शिकताना नवल वाटलं होतं. किड्यांच्या स्नायूवर अ‍ॅसिटिलकोलिन नसतंच, तिथे ग्लुटामेट काम करतं. अ‍ॅसिटिलकोलिन त्यांच्या मध्यवर्ती चेतासंस्थेत असतं. म्हणजे अळी डोक्याकडून मरते. माणसाच्या मात्र मेंदूत, ग्रंथीत आणि स्नायूतही तेच रसायन. आपल्याला ते तिन्ही ठिकाणी गाठतं.

डब्यावरचा त्रिकोण बघा: लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा. पण हिरवा म्हणजे निर्धोक असं समजून कोणी उघड्या अंगानं फवारू नये. आणि पऱ्हाटी डोक्याएवढी झाली की वाऱ्याकडे पाठ करूनही उपयोग नाही, ओळीत वारा नसतोच. तेवढ्या उंचीत मी मजुराला जाऊच नको म्हणतो. गिऱ्हाईक तुटलं तरी चालेल.

भूलतज्ज्ञ

पॅमबद्दल. विष विकराला चिकटल्यावर सुरुवातीला ती गाठ सोडवता येते, पॅम ती सोडवतं. पण वेळ गेला की चिकटलेल्या रेणूचा एक तुकडा गळून पडतो आणि गाठ कायमची बसते. मग पॅमचा उपयोग नाही. हा वेळ प्रत्येक औषधाचा वेगळा. क्लोरपायरीफॉससारख्यात एक दिवसाहून जास्त मिळतो, मोनोक्रोटोफॉससारख्यात काही तास. प्रोफेनोफॉसची घडणच अशी आहे की गाठ जवळजवळ लगेच बसते. म्हणून दादाच्या बाबतीत पॅमनं फारसं काही साधलं नसतं. ते राहून गेलं म्हणून झुरू नका. जाताना डबा किंवा निदान त्याचा फोटो सोबत न्यावा तो यासाठीच, नावावरून पुष्कळ ठरतं.

शर्टाचं मात्र मी गोड करून सांगणार नाही. साडेपाच तास ते कातडीतून आत जात राहिलं. पंपवाले भाऊंच्या सासऱ्यांनी केलं ते पहिल्या दहा मिनिटांत व्हायला हवं: कपडे काढा, साबणपाण्यानं धुवा, केस आणि नखांसकट, धुणाऱ्यानं हातात पिशवी किंवा मोजे घालून. त्याच वेळी दुसऱ्यानं १०८ लावावा. तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं, यात तुमचा दोष नाही. आता तुम्हाला माहीत आहे आणि तुम्ही शिक्षक आहात.

कायमची गाठ बसलेलं विकर पुन्हा कामाला येत नाही, शरीर नवं बनवतं. तांबड्या पेशींतलं विकर दिवसाला साधारण एक टक्का या गतीनं भरून येतं, म्हणजे तीन-चार महिने. तोवर दादा चालेल, जेवेल, बरा दिसेल, पण त्याची शिल्लक कमी असेल. अशात एका दुपारची फवारणीसुद्धा त्याला पुन्हा तिथेच नेऊ शकते. या हंगामात पंप पाठीवर नाही. फवारलेल्या वावरात वेचणीलाही इतक्यात नको. कोलिनेस्टरेजची तपासणी करून घ्या, महिन्यानं पुन्हा करा. एका आकड्यापेक्षा दोन आकड्यांतला फरक जास्त बोलतो. आणि या काळात कुठल्याही कारणानं ऑपरेशन निघालं तर भूल देणाऱ्याला हे आधी सांगा. सक्सिनिलकोलिन ज्या रक्तातल्या विकरानं उतरतं तेही या विषानं दबलेलं असतं, मग मिनिटांचं काम तासांवर जातं.

अजून एका गोष्टीवर लक्ष ठेवा. काहींना दोन-तीन आठवड्यांनी पोटऱ्यांत गोळे येतात, तळपायाला मुंग्या, पंजा उचलत नाही. चालताना चप्पल पायातून निसटायला लागली तर थांबू नका, दाखवा.

वावरातला मास्तर

चप्पल निसटत नाही. मी त्याला अंगणात चार फेऱ्या मारायला लावल्या आणि मागून बघत बसलो. पोटऱ्या दुखतात म्हणतो, पण ते अकरा दिवस पडून राहिल्यानं असेल. तरी मंगळवारी दाखवलं. रक्त दिलं, अहवाल यायचाय.

आर्णीच्या भाऊंनी विचारलेलं डोक्यातून जात नव्हतं. पाणी देणाऱ्या बाईंच्या घरी काल गेलो. दोन्ही दिवस नाल्यावरून पाणी आणणं, औषध मोजणं, काडीनं नाहीतर हातानं कालवणं, पंप भरून देणं हे त्यांच्याकडे होतं. त्या म्हणाल्या, त्या रात्री मलाही दोनदा उलटी झाली, डोकं ठणकत होतं, हाताला कापरं सुटलं होतं. पण सगळे तुमच्या दादामागे धावत होते, मी कोणाला सांगू. गोळी खाऊन झोपल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा कामावर गेल्या, दुसऱ्याच्या वावरात, त्याच कामाला.

मंगळवारी दवाखान्यात दादासोबत त्यांनाही घेऊन गेलो होतो. त्यांचंही रक्त घेतलं आहे.